६१२३३७१ ला भाग जात नाही

११ एप्रिल

त्याचं पत्र आलं. ‘या आठवड्यात आठ झाले. एकानेही भाग जात नाही. डोंगरावर धुकं आहे.’ बस्स! धुक्यावर एक अख्खं वाक्य, माझ्यावर एक शब्द नाही.

त्याची बदली होऊन आज वर्ष झालं. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आमची टेबलं शेजारी होती, मध्ये जुना तराजू. तो वजन घेताना श्वास रोखायचा — मग मीही रोखायचे. तराजूच्या पितळी पट्टीवर नंबर आहे, ६१२३३७१. तो म्हणाला, “मूळ संख्या असणार ही.” मी म्हटलं, “छे! लावतोस पैज?” तेवढ्यात त्याला हवामान केंद्रात धाडलं, म्हणून पैज पत्रांतून चाललीय. यंत्राला विचारायचं नाही, हातानेच भागायचं. शेवटी १ नाहीतर ३ असलेल्या मूळ संख्या माझ्या, ७ आणि ९ वाल्या त्याच्या. तेही २४७४ पर्यंतच, म्हणजे वर्गमुळापर्यंत. भाग जाणार असेल तर त्याच्या आत जायलाच हवा, पुढे जाण्यात अर्थ नाही.

१४ एप्रिल

२२०३ ने भागलं. बाकी १२३४! ओळीने! आईला दाखवलं तर म्हणते, “लग्नाचं वय चाललंय, आणि ही भागाकार करत बसलीय.”

१५ एप्रिल

२२१३. बाकी शून्य.

१६ एप्रिल

तीनदा करून पाहिलं. शून्यच. मी जिंकले, पण हे कळवलं की पैज संपली. मग तो पत्र कशाला लिहील?

दुपारी पत्र टाकलं. ‘२२१३, बाकी ५४१.’ पाण्याच्या एका बाटलीचा खोटा आकडा कधी लिहिला नाही मी!

२ मे

माझे चौदाच उरलेत. मुद्दाम रेंगाळतेय, आठवड्याला दोन. आणि तो विचारतो, ‘तुझे किती राहिले?’ सुटायची घाई झालेली दिसतेय स्वारीला.

त्याच्या टेबलावर आता रिकाम्या बाटल्यांची खोकी ठेवतात. मी रोज उचलून खाली ठेवते. साहेब म्हणाले, “अहो, तिथे कोण बसणार आहे आता?”

१० मे

पत्र नाही.

१७ मे

आजही नाही. पोस्टमन लांबूनच हात हलवतो. खरं सांगून टाकायला हवं होतं. आता कुठल्या तोंडाने सांगू?

२३ मे

पत्र! ‘माझी यादी गेल्या महिन्यातच संपली. थांबवेना, म्हणून २४७४ च्या पुढे उगाचच भागत राहिलो. तुला वाटावं, अजून चाललंय. परवा २७६७ ने पूर्ण भाग गेला. उत्तर आलं २२१३. तुझी ती ५४१ बाकी कुठून आली गं? शनिवारी येतोय, समोरासमोर सांग.’

आज शुक्रवार आहे!