झाकणाखालचा देव

सोमवार, ३ नोव्हेंबर

आले एकदाची! राळेगावहून दोन एसट्या बदलत, कापसाच्या गाड्यांमागे रखडत सावरफाट्याला पोचले, तेव्हा केसांत इतकी धूळ होती की घरमालकीण नंदाबाईंनी आधी न्हाणीघर दाखवलं आणि मग खोली. खोली झकास आहे. खिडकीखालीच फाटा. यवतमाळचा, आर्णीचा आणि गावातला असे तीन रस्ते इथे एकत्र येतात आणि त्यांच्या पोटात माझी नोकरी आहे. गाव उंचवट्यावर, म्हणून नव्या रेल्वेमार्गाचं इथलं स्टेशन जमिनीखाली होणार. खोदताना रस्ता बंद ठेवून चालणार नाही, म्हणून खड्ड्यावर लोखंडी तुळया टाकून वर सिमेंटच्या जाड लाद्या बसवल्या आहेत. वरून ट्रक, बकऱ्या, वराती सगळं जातं आणि खाली खोदकाम चालतं. गावात याला सरळ झाकण म्हणतात. त्या झाकणाची देखरेख माझ्याकडे. डिप्लोमानंतरची पहिलीच नोकरी आणि थेट रस्त्याची मालकीण! बाबांना फोनवर तसंच सांगितलं. हसले, पण खूश होते.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

काम मजेचं आहे. खाली फोनला रेंज नाही आणि गाड्यांच्या धडधडीत हाक ऐकू येत नाही, म्हणून सगळं बोलणं ठोक्यांनी. खालचा माणूस पान्याने तुळई ठोकतो, वर मी पहार आपटते. दोन ठोके म्हणजे नट आवळले, पुढची लादी घ्या. तीन म्हणजे माणूस अडकला, धावा.

खाली असतो बादल. जवळच्या तांड्यावरचा, माझ्याच वयाचा आणि पक्का बिलंदर. आज त्याने तीन ठोके दिले. मी वाहतूक अडवली, शिट्ट्या फुंकल्या, धापा टाकत शिडी उतरले, तर हा विचारतो, चहा आला का? असा झापला त्याला! मग स्वतःच्या डब्यातली भाकरी पुढे करून म्हणाला की याडीच्या हातची आहे, खाऊन पाहा. याडी म्हणजे आई. राग तिथेच गेला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

नंदाबाईंनी आज वाटोबाची गोष्ट सांगितली. खड्ड्याआधी फाट्याच्या कोपऱ्यावर शेंदूर फासलेला दगड होता. येणारीजाणारी गाडी त्याला हॉर्न देऊनच पुढे जायची. कंपनीने रीतसर पूजा करून तो रस्त्यापलीकडे बसवला. नंदाबाईंच्या मते दगड हलला, देव काही हलला नाही. ड्रायव्हर लोकही त्याच मताचे आहेत, कारण अजून सगळे कोपऱ्यातल्या लादीवरच हॉर्न देतात. डोकं उठतं नुसतं.

साइटचे मुख्य मारोतराव यावर हसतात. ते कशावरही हसतात. कोपऱ्याच्या भिंतीतून माती गळते आहे असं मी सांगितलं, त्यावरही हसले.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

दुपारी तीच भिंत ढासळली. बादल तिथेच होता. लादीखालच्या फळीवर बसून नट आवळत होता. मी वरून दोन ठोके दिले, उत्तर नाही. मारोतराव म्हणाले की तो केव्हाच पलीकडच्या शिडीने वर आला. मी विचारलं, कोणी पाहिलं? पहिल्यांदाच ते हसले नाहीत.

"तो गेला घरी. तू आपलं वरचं पाह्य."

उद्या मोठे साहेब पाहणीला येणार आहेत. अंधार पडायच्या आत मातीपुढे वाळूची पोती रचून त्यावर काँक्रीट ओतलंसुद्धा. एवढी घाई इथे कुठल्या कामाची पाहिली नव्हती.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

तीन ठोके.

सकाळी कोपऱ्याच्या लादीवर उभी होते. तळपायाला जाणवले, मग ऐकू आले. मी पहार आपटली. खालून पुन्हा तीन. तो जिवंत आहे. लादी आणि मातीच्या मधल्या पोकळीत तो बसला आहे.

मारोतरावांकडे धावले. म्हणाले की पाइपात हवा भरली असेल. परतेपर्यंत फाट्यावरच्या पानवाल्यानेही ठोके ऐकले होते. त्याने चप्पल काढून लादीला हात लावला आणि सांगून टाकलं की वाटोबा बोलला. दुपारी तिथे हार होते, संध्याकाळी घंटा. पाहणीला आलेल्या साहेबांनीही नारळ फोडला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

लादीभोवती कठडे लागले. गाड्या वळसा घालून जातात. रांग आर्णी रस्त्यावर गेली आहे.

बंदोबस्तातल्या हवालदाराला सांगितलं की खाली माणूस आहे. त्याने टोपी काढून हात जोडले आणि म्हणाला, आहे ना. मुख्य ऑफिसला फोन केला, तर त्यांनी तो मारोतरावांनाच जोडून दिला. क्रेन त्यांची, खाली जायच्या शिडीच्या दाराच्या चाव्या त्यांच्या. मला म्हणाले, पोरी, थकली आहेस, चार दिवस घरी जा.

लादीच्या सांध्याला बोटभर फट आहे. नारळाचं पाणी, दूध, सगळं तिच्यातून खाली जातं. त्यावरच तो तग धरून असणार. मीही तांब्यात साखरपाणी घेऊन रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा फटीला तोंड लावून बादल, बादल म्हणत राहिले. मागच्या बाईने ढकललं, मंत्र मनात म्हणा म्हणाली.

रविवार, १६ नोव्हेंबर

लालीबाई आली. बादलची आई. मुलगा तीन दिवस घरी आला नाही म्हणून शोधत आली होती. मारोतरावांनी तिला सांगितलं की पोरगं कामाला कंटाळून पुण्याला पळालं, आणि वर सल्ला दिला की देव जागा आहे, त्याच्याकडे माग.

ती मागत होती. लादीवर कपाळ टेकून. खालून ठोके आले की रडायची.

मी तिला बाजूला घेतलं. सगळं सांगितलं, खाली बादल आहे हेच सांगितलं. ती माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली,

"माय, देव बोलून राह्यला. माह्या पोराले धाडतो म्हणते. तू कायले मधात येतं?"

मला तिचा इतका राग आला की हात उचलला जाणार होता. मग तिच्या पदरात बांधलेली भाकरी दिसली. ती त्याच्यासाठी आणली होती.

सोमवार, १७ नोव्हेंबर

पहार घेऊन लादीवर गेले. सांध्यात टोक घातलं. बायकांनी केस धरून खाली पाडलं. चपलांनी मारलं. लालीबाईनेही.

नंदाबाईंनी माझी बॅग जिन्यात ठेवली आहे. मारोतराव लोकांना सांगत होते की अशा विटाळाने देव रुसतो, त्याला पक्का ओटा हवा. सिमेंट आपल्या कंपनीकडून. लोकांनी त्यांना हार घातला.

ठोके आता हळू येतात. एक, मग खूप वेळाने दुसरा.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सगळे वर आरतीला. शिडीचं दार उघडं, खाली कोणी नाही. कडेला काँक्रीट पोचलं नव्हतं, तिथली पोती बाजूला ओढून भिंतीकडून शिरले. अंगापुरतंच बीळ.

सापडला. जिवंत आहे. कंबरेपर्यंत मातीत. ओठांवर दुधाची साय. माझा हात धरून म्हणाला, किती उशीर, मॅडम.

त्याला ओढलं आणि मागची पोती —

बीळ गेलं. मोबाइलच्या उजेडात लिहिते आहे. रेंज नाही. वर फट आहे, तिच्यातून ऊन येतं.

लालीबाईचा आवाज येतो. त्यालाही येतो. तो याडी, याडी म्हणतो, अगदी बारीक. घंटा थांबत नाहीत.

पाना माझ्या हातात. तीन. तीन. वर जयजयकार. देवाला जोर आला म्हणतात.

—

पाणी पडायचं थांबलं. फावड्यांचा आवाज. गिलावा पडतो आहे, डोळ्यात गेला. ओटा. आजच बांधत आहेत. ओरडले. घशात सिमेंट.

बादल बोलत नाही. हात थंड

उजेड अर्धा. श्वास नीट —

आता एवढीशी फट. लालीबाई हातानेच लिंपते आहे, बांगड्या वाजतात. जोराने ठोकलं. तिने ऐकलं. थांबली.

तीन. तीन. लालीबाई, मी —

"दम धर रे देवा. झालंच पाह्य तुह्यं घर."

बोटं दिसतात तिची. पुन्हा तीन मा