कॉर्कच्या फरशीला आलेला फुगवटा

अमरावती, २४ मे

आदरणीय जावईबापू खुशालराव यांना देवीदासचा दोन्ही हात जोडून नमस्कार. आम्ही इथे बरे आहोत (फरशी सोडून), तुमची खुशाली कळवावी. अकोल्याचं ऊन सोसतं ना? जेवण जातं ना? डॉक्टरांनी मागे वजन उतरवायला सांगितलं होतं, ते तुम्ही फारसं मनावर घेतलं नसेल अशी आशा आहे. माझ्या बहिणीला, दुर्गाला, आशीर्वाद.

पत्र लिहिण्याचं कारण, आमच्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो आणि काही गोष्टी इंदूमार्फत आमच्या शेखरच्या कानावर जायला नकोत. त्याने दिवाळीत आमच्या हॉलमध्ये कॉर्कची फरशी बसवली. (कॉर्क म्हणजे बाटलीचं बूच. बुचावर चालायचं म्हटल्यावर मी हसलो होतो.) इंदूच्या गुडघ्यांना टाइल्स सोसत नव्हत्या, एकदा ती घसरलीही, म्हणून पोराने पुण्याहून सुट्टी काढून येऊन, ओणवं बसून एकेक तुकडा स्वतः चिकटवला. जाताना भिंतीवर कागद लावला: पाणी साचू देऊ नका, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, कडक ऊन येऊ देऊ नका, जड सामानाच्या पायांखाली जाड लोकरी नमद्याच्या चकत्या लावा. एवढं पाळलं तर वीस वर्षं बघायला नको, म्हणाला.

वीस वर्षांपैकी सात महिने नीट गेले. मागच्या सोमवारी कूलरच्या टाकीत नळी सोडली आणि ही फरशी किती जपावी लागते ते शेजारच्या गोपालरावांना फाटकाशी सांगत उभा राहिलो. पाण्याचा थेंब दिसला की लगेच टिपावा, हे त्यांना पटेपर्यंत अर्धा तास गेला. आत आलो तर टाकी भरून वाहत होती. सगळं टिपलं, तरी सकाळी फरशी पोळीसारखी फुगलेली. वाळावी म्हणून पडदे उघडले, तर चार दिवसांत तिथला रंग उडाला. फुगवटा बसावा म्हणून गव्हाची कोठी ठेवली, तर तिच्या पायांचे चार खड्डे पडले. (कागदावरचं एकेक कलम मी असं निगुतीने मोडलं.) आता केर काढणं, पुसणं मीच करतो, दोन्ही वेळ. इंदूला फडक्याला हात लावू देत नाही. ती म्हणते, "पोराले सांगून टाका ना, तो काई खाते का तुमाले?" खाणार नाही हो. तो नुसता वाकून फरशीवरून हात फिरवेल, आणि तेच मला बघवणार नाही. पंधरा दिवसांनी येतोय. माझी झोप उडाली आहे.

असो. अधिक महिना चालू आहे, तुमचा मान करायचा राहिलाय. दुर्गाला घेऊन लगेच या. अनारसे होतील.

तुमचा देवीदास

ता. क. : फुगवट्यावर आता बिनपायांचा पेटीदिवाण ठेवला आहे. जावयाला काम सांगू नये हे मला कळतं, पण बसण्याला कोणी काम म्हणत नाही. कृपया मधोमध बसावं. बडनेऱ्याला स्टेशनवर मी घ्यायला येतो, उगाच पायी चालू नका.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवायला इंदूकडे देतोय. तिला या बेतातलं काही माहीत नाही.

ता. क. तिसरा, इंदूचा : जवाईबापू, शेखरले मी त्याच दिवशी सांगतलं. तो म्हणे, ओल्यात बाबा तर नाही ना घसरले? फुगलेले तुकडे बदलवाचं सामान घेऊनच येऊन राहिला तो. पण ह्यायले इतक्यात सांगू नका. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ह्यायनं हातात फडकं धरलं, अजून पंधरा दिवस माह्या गुडघ्याले आराम हाये. तुमी मात्र या. अनारसे खरंच करून राहिली. बसा कुठंबी.