बाबांचा गोल कोपरा

प्रिय भुश्या,

रागावलायस, ठाऊक आहे. फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडू नकोस, निदान ताईचं अक्षर किती बिघडलंय ते बघायला तरी वाच.

काल दुपारी ऑफिसात डोळा लागला आणि स्वप्नात आपला बाकांचा कारखाना पाण्यावर तरंगत होता. तू लहानपणीसारखा केसांत भुसा माळून बसलेला, आणि बाबा शांतपणे एका बाकाचा कोपरा घासतायत. मी हाका मारतेय, पण ऐकतो कोण! हातात काम असताना बाबांनी कधी कुणाला ओ दिली होती का? तो कोपरा आठवतो ना? तू धावत येऊन आपटलास, कपाळाला खोक पडली, आणि तेव्हापासून आपल्याकडून टोकदार कोपऱ्याचा बाक म्हणून बाहेर पडला नाही. पुढे मी सरकारी खरेदी खात्यात लागले, तर शाळांच्या बाकांच्या अटींत बाबांचा तोच गोल कोपरा! लाकूड इथलं, कारखाना इथला, घडण अशीच हवी. काम आपसूक आपल्याकडे यायचं.

मग तो व्यापार करार झाला. मोठ्या सरकारी खरेदीत करारातले सगळे देश आता सारखे. 'इथलाच हवा' म्हणायचं नाही, घडण सांगायची नाही. वस्तूनं काय करायला हवं तेवढंच लिहायचं. गोल कोपरा खोडताना माझा हात अडला रे. शेवटी लिहिलं, 'धावतं मूल आपटलं तरी जखम होऊ नये.' तू निविदा भरलीस हे कळताच मी त्या कामातून बाजूला झाले, तुझ्याशी बोलणंही बंद केलं. करारानंतरचा नियमच तसा. तुला वाटलं, ताईला खुर्ची चढली. आणि काम गेलं समुद्रापलीकडच्या कंपनीला. तू कारखान्याला कुलूप लावायला निघालायस हे ऐकून मी रडले, खोटं कशाला बोलू!

परवा त्यांचे बाक आले. गोदामात कुणी नव्हतं. मी हात फिरवला, तर कोपरा गोल! बाबांना कधीही न पाहिलेल्या कुणीतरी, तिकडे दूर, तो घासला होता. मी कितीतरी वेळ त्या बाकावर बसून राहिले. बाबा असते तर म्हणाले असते, बरा आहे, पण अजून एक हात फिरवायला हवा होता. आणि खरंच हवा होता.

आता मुद्द्याचं. करारानं आपलं दार उघडलं, तसं त्यांचंही उघडलंय. त्यांच्या शाळांना बाक हवेत, जाहिरात निघाली आहे, आणि बाहेरचे म्हणून आपल्याला हाकलायची त्यांनाही सोय नाही. तुला कागदांचा कंटाळा, मला कागदांशिवाय काही येत नाही. मी राजीनामा दिलाय. सोमवारी सकाळी कारखान्यात येते. कुलूप लावलं असशील तर काढून ठेव. आणि केस झाडून उभा राहू नकोस, मला माझा भुश्या बघायचाय.

तुझीच,
ताई