आतून फोन वाजत होता

१९ मार्च, बुधवार

आजही तेच! हजेरी मी घ्यायची आणि चौघंही खुशालभाऊंच्या तोंडाकडे बघणार. मी सांगितलं की आधी त्यांनी मान हलवायची, मग बाकीचे जागचे हलणार. आठ महिने झाले मला अग्निशमन केंद्राची प्रमुख होऊन. ह्यांना ते कुणी कळवलेलं नाही वाटतं.

नवा नियम भिंतीवर लावला — जळत्या इमारतीत श्वासयंत्र लावूनच शिरायचं, तेही जोडीने. आमच्याकडे यंत्रं दोन, त्यातलं एक नागपूरला दुरुस्तीला. खुशालभाऊ सव्वीस वर्षं ओला दुपट्टा तोंडाला बांधून आगीत शिरतात. म्हणाले, "म्हंजे आपन आता बाहेरूनच पाहाचं?" राजदीप मोठ्याने हसला. तो तर त्यांच्यावरून जीव ओवाळून टाकतो. मला राग आला आणि मी नियम पुन्हा पहिल्यापासून वाचला. कसली हौस!

२२ मार्च, शनिवार

धुराचे पाच फोन. पाचही मोहाच्या झाडांखालचे. फुलं नीट वेचता यावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात. हे ठाऊक असूनही पाचही वेळा गाडी घेऊन धावलो.

२५ मार्च, मंगळवार



दुपारी राइस मिलचं बारदान्याचं, रिकाम्या पोत्यांचं गोदाम पेटलं. चौकीदार वारलू गोदामातच राहतो, आतल्या कोपऱ्यातल्या खोलीत. मालक आमच्या आधी पोहोचला होता. सकाळी दहाला वारलूला त्याने फाटकावर पाहिलं होतं. त्याने फोन लावला — आणि तो आत वाजला! खोलीच्या बाजूच्या भिंतीशी उभं राहिलं की स्पष्ट ऐकू येत होता.

खुशालभाऊंनी दुपट्टा भिजवला. "मॅडम, फोन वाजून राह्यला. मानूस अंदर हाये."

"कुणीही आत जायचं नाही," मी म्हणाले.

राजदीपने माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे पाहिलं. ते थांबले. मला वाटलं होतं मला ढकलून जातील. नाही गेले. फोन दोनदा पूर्ण वाजला. मालक तिसऱ्यांदा लावत होता तेव्हा छप्पर खाली आलं, खोलीसकट.

छप्पर मधोमध झुकलेलं मला आधीच दिसलं होतं. दिसलं होतं ना? की मी आधी घाबरले आणि छपराकडे नंतर पाहिलं? काही केल्या आठवत नाही.

२६ मार्च, बुधवार

बारदान्याचे गठ्ठे आतून धुमसताहेत, ढिगाऱ्याला हात लावता येत नाही. पोलीस वारलूच्या गावी जाऊन आले. घर बंद. बायको बुधरीही नाही. सगळं गाव मोह वेचायला गेलंय, आपापल्या झाडाखाली मुक्कामाला. कोणतं झाड कुठे, ते सांगायलाही गावात माणूस नाही.

तोही तिकडेच गेला असेल, असं राजदीप हळूच म्हणाला. मी ते धरून बसलेय. पण मालक शपथेवर सांगतो की त्याने सुट्टी दिलेली नाही. आणि फोन?

ऊर्जानगरहून आईचा फोन आला. मी बरी आहे, म्हणाले.

२७ मार्च, गुरुवार

चहा येतो, माझा कप टेबलावर ठेवून माणूस जातो. शेवटी खुशालभाऊंना गाठून विचारलंच — तुम्ही थांबलात का?

"तुमी म्हटलं म्हनून थांबलो. आता ढिगातून जे निघंल, ते तुमचं."

आठ महिने जीव टाकत होते, ह्या माणसाने एकदा तरी माझं ऐकावं म्हणून. ऐकलं! घे!

२८ मार्च, शुक्रवार

जेसीबी लावला. वारलूची लोखंडी खाट निघाली. रिकामी. इतकं हायसं वाटलं! तेवढ्यात गर्दीतून कुणी म्हणालं, दाराकडे पळाला असंल. दाराकडचा ढीग अजून गरम आहे.

२९ मार्च, शनिवार

अन्न जात नाही.

खुशालभाऊ आणि राजदीप आत गेले असते तर आज ढिगाऱ्यात तिघांना शोधत असते. हे मला कळतं. स्वतःला सारखं तेच सांगते. पण डोळा लागला की फोन वाजायला लागतो. तो नियम भिंतीवरून काढून टाकावा असं सकाळी वाटलं. स्टूल ओढून वर चढलेही. मग तशीच उतरले.

३१ मार्च, सोमवार

वारलू आला! आपल्या पायांनी, बुधरीला घेऊन. मालकाला न सांगता मोहावर गेला होता. जंगलात रेंज नाही म्हणून फोन खोलीतच चार्जिंगला लावून. राजदीपने त्याला मिठीच मारली. खुशालभाऊंनी डोळे पुसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की मॅडमचंच बरोबर होतं. मीही रडले, लाज वाटली नाही.

दोघांना बसवून पाणी दिलं. वारलू माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "मॅडम, मी अंदर असतो त?"

खोटं बोलता आलं असतं. "तरी कुणाला पाठवलं नसतं," मी म्हणाले.

बुधरीने पेला तसाच खाली ठेवला, त्याला उठवलं आणि दोघं निघून गेली.