चालेल

२ फेब्रु., सोम.
काय झालं, तेवढंच.
१. गुड्डी (वय चार, गाव वाटूर) फिजिओथेरपीच्या टेबलावर. मी तिचा उजवा पाय ताणत होते. ती रडत होती.
२. तिची आई, कविताताई, दारातून म्हणाल्या, "मॅडम, सोमवारच्या जागी गुरुवारी आणू?" पुढे आणखी काहीतरी. रडण्यात ऐकू आलं नाही.
३. मान वर न करता मी म्हटलं, "चालेल."
४. त्या खाली बसून डोळे पुसायला लागल्या. मला वाटलं, पोर रडतेय म्हणून.
हे महिन्यापूर्वीचं. आज फोनवर, डॉक्टरांनी सुचवलेल्या खुब्याच्या ऑपरेशनला नकार देताना त्यांनीच ते न ऐकलेलं वाक्य सांगितलं: "अन् माझी गुड्डी चालंल का कधी?"

३ फेब्रु.
एक्स-रे पुन्हा पाहिला. उ. खुबा वाटीतून निम्मा बाहेर. व्यायामाने आत जाणार नाही. ऑपरेशन केलं तर गु.ला बसताना दुखणार नाही. पायांचा ताठरपणा मेंदूतून आलेला; एकटी चालणं मात्र तरीही... नाही.

५ फेब्रु., गुरु.
गु. आली. पायात लाल, शिट्टी वाजणारे बूट. बाजारातून नवे. सोबत आजी. "मॅडम, तोंडात साखर पडो तुमच्या. गल्लीत समद्यायला सांगून ठिवलं म्या."
ऑपरेशनचा विषय काढला. कविताताई: "तुमीच म्हणल्या ना चालंल? मंग कशाला कापायचं लेकराला?"
तेव्हाच सांगायचं होतं. तेवढ्यात गु.ने एक बूट काढून हाताने दाबला. वाजला. आजी म्हणाली, "बघा, पोरगी हातानं चालून राह्यली!"
सगळे हसले. मी तिच्या पायाच्या स्प्लिंटच्या पट्ट्या आवळत राहिले.

७ फेब्रु., शनि.
चहावाला, कंडक्टर, फोनवर माझी आई. सगळ्यांच्या तोंडी चालेल, चालेल. मी 'बरं' म्हणते.
गु.चा एक बूट इथेच राहिलाय. दुपारी खोली रिकामी असताना शिट्टी ऐकली. चटईखाली पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. बूट कपाटात. मी ठेवला होता तसाच.

८ फेब्रु., रवि.
कविताताई फोन उचलत नाहीत. निरोप पाठवला:
"कविताताई, त्या दिवशी मला फक्त दिवस बदलायचं ऐकू आलं. 'चालेल' त्याला म्हटलं होतं. गुड्डी एकटी चालेल असं मी सांगू शकत नाही. ऑपरेशनने खुबा वाचवता येईल, पण उशीर केला तर तेही अवघड. डॉक्टरांनी तारीख अजून धरून ठेवली आहे. गुड्डीचा एक बूट माझ्याकडे आहे. ऑपरेशनला हो की नाही, ते येत्या गुरुवारपर्यंत कळवा."