नऊ दिवस पाणी

महाड, ६ जानेवारी

प्रिय आम्रपाली,

परवा तुझा फोन मी मध्येच ठेवला, त्याबद्दल माफी मागणार नाही. ‘महिनाअखेर घर आवर, मी न्यायला येते,’ हे तू बदलीचा हुकूम वाचून दाखवावा तसं सांगितलंस. चौतीस वर्षं कोर्टात कारकुनी केली मी. हुकूम मान्य नसेल तर उत्तर लेखी द्यायचं असतं, म्हणून हे पत्र. महाडचं घर मी सोडणार नाही.

आता तुझ्या त्या फुलांचं. नाताळच्या सुट्टीत आलीस, निघायच्या दिवशी मी अंघोळीला गेले तेवढ्यात बुद्धमूर्तीपुढची पितळी फुलदाणी भरलीस, आणि ‘आई, फुलं लावलीत गं’ म्हणून ठाण्याच्या गाडीत जाऊन बसलीस. कापडाची आहेत, एवढं सांगायला किती वेळ लागला असता? आणि रचना तरी धड करायचीस! सगळे देठ एका उंचीचे, पांढरी शेवंती एकीकडे, लाल जरबेरा दुसरीकडे, शाळेच्या प्रार्थनेला मुलगे आणि मुली उभे करावेत तशी. पनवेलच्या कॉन्व्हेंटात सिस्टर फिलोमिना आम्हाला शिकवायच्या, उंच फूल मागे, बुटकं पुढे, आणि जागा मोकळी सोडायला घाबरायचं नाही. पोलादपूरकडच्या वाडीतून गेलेल्या मला फुलं रचायची असतात हेच तिथे कळलं. तुझी फुलदाणी पाहून त्यांनी तुला गुडघ्यावर उभं केलं असतं.

तर त्या फुलांना मी रोज सकाळी वंदना म्हणत तांब्याने पाणी घातलं. नऊ दिवस. वास येत नव्हता, पण हल्ली कुठल्या फुलाला वास असतो? उलट शेजारणींना ऐकवलं, की महाडच्या हवेला नावं ठेवता, पाण्याचा गुण बघा, एक पाकळी गळली नाही!

पौर्णिमेची बुद्धवंदना आपल्याकडे होती. आठ-दहा बायका बसलेल्या, पुढे मी. फूल वाहताना आपण म्हणतो ना, की हे फूल कोमेजतं तसा हा देहही एक दिवस जाणार, ते मी खणखणीत आवाजात म्हटलं आणि फुलदाणीतून एक जरबेरा उपसून मूर्तीपुढे ठेवला. खालच्या पांढऱ्या कापडावर लाल पाणी पसरत गेलं. तुळजाबाई वाकून बघतात तर काय! “अगो नीलाताई, ह्या फूल कसला कोमेजतंय? कापडाचा हाय गो. रंग सुटलाय बघ.” मागून आवडी म्हणाली, “पानी घालतेस तर थोडा खत पन घाल, कळ्या येतील.” खोली हसली. मी म्हटलं, धूळ धुवायला पाणी घालते, आधी आपापल्या घरची फुलं बघा. कुणाचाही विश्वास बसला नाही. तुळजाबाईंची सून तर बाहेर पडता पडता तुला फोन लावत होती.

त्या हसल्याचा राग नाही गं. ते शब्द मी माझ्या आईच्या मांडीवर शिकले. तुझे बाबा गेले तेव्हाही न अडखळता म्हटले. तेच मी नऊ दिवस एका चिंधीपुढे म्हणत होते, याचा संताप येतो. आणि तू त्यावर निकाल काय दिलास, तर आईचं आता एकटीचं भागत नाही. मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसं येतील तेव्हा आपल्या ओसरीवर वीस बायका उतरतील. त्यांचं पिठलं-भात कोण करणार, तुझा चौदावा मजला?

आता फोनवर बोलता आलं नाही ते लिहिते. खोटी सही मी हातभर अंतरावरून ओळखत असे. कापडाचं फूल मला हातात घेऊनही ओळखता आलं नाही, कारण वर्षभर मला सगळं धुक्यातलं दिसतंय. रंग कळतात, कडा कळत नाहीत. दिवाळीत तू विचारलंस तेव्हा चष्मा बदलायचा राहिलाय म्हणून खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर त्याच दिवशी तू सामान बांधायला घेतलं असतंस. काल रिक्षा करून एकटीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा पार पिकलाय. त्याचं ऑपरेशन एकोणीस तारखेला, सोमवारी. सोबत घरचं माणूस आणा म्हणाले. तुळजाबाई एका पायावर येतील, पण आत नेईपर्यंत मला तुझा हात धरायचा आहे. मला भीती वाटते, आम्रपाली. हे तोंडाने सांगायला गेले असते तर फोन पुन्हा ठेवावा लागला असता. तेव्हा आदल्या रविवारी संध्याकाळपर्यंत ये. आठ दिवस राहा, वेळच्या वेळी डोळ्यांत औषध घाल, हवं तेवढं रागाव. आणि मग परत जा, एकटी.

तुझी, अजून स्वतःच्याच घरात असलेली,
आई