वल्हं कोण धरणार

३ जुलै, गुरुवार
न्हाई म्हणजे न्हाई म्हणे! किती वर्षं हेच ऐकायचं? आज फोनवर आबा पुन्हा तेच — "नाव भोयाची असती. आपण शेतकरी मानसं." मी म्हणलं, आबा, पाणी जात इचारून बुडवते का? तर फोन मायकडं देऊन टाकला. माय म्हणली, जेवला का. झालं!

सिद्धेश्वरचं धरण भरलं की आमची उमरवाडी बेट होते. तीन बाजूंनी पाणी, चौथीकडं नाला. दिवाळीच्या पुढंपर्यंत. आज्याच्या काळापासून असंच. अन् गावात एक नाव न्हाई! थर्माकोल पोत्यात भरून शिवायचा, वर फळी बांधायची, अन् दोन्ही काठांना बांधलेला दोर हातानं ओढत पलीकडं जायचं. माझी बहीण शिवकन्या तशीच जाते बारावीच्या कॉलेजला. दोर ओढला तर शेतकरी. वल्हं धरलं तर भोई! कोणी काढला हा कायदा?

५ जुलै
इथं अंदमानात येऊन अकरा महिने झाले. जेटीचं काम. सिमेंट कालवायचं, पाट्या उचलायच्या, खारं पाणी हाताच्या चिरांत जाऊन झोंबते. गावात लोक म्हणतात, शंकऱ्याची मजा है, समुद्र पाहून राहिला. या म्हणावं पाहायला! प्यायचं पाणी एक दिवसाआड. जहाज आठवड्यातून एकदा, तेबी समुद्राच्या मर्जीनं. शाळा आठवीपर्यंत. डॉक्टर महिन्यातून दोनदा येते. फोनला रेंज फक्त जेटीच्या टोकावर, तिथं उभं राहून भिजत बोलायचं.

पण नावा हैत. घरागणिक डोंगी. आज सकाळी एक पोरगी, शिवकन्याच्याच वयाची, एकटी डोंगी घेऊन पलीकडच्या बेटावर गेली. अंगात कॉलेजचा ड्रेस, पायाशी बॅग. कोणी मान वळवून पाहिलंबी न्हाई. मीच येड्यासारखा पाहत राहिलो. मुकादम रतनसिंग वरडला — "ए शंकऱ्या! पाटी उचल, पोरी काय पाहतो!" त्याला काय सांगू मी काय पाहत होतो.

८ जुलै
पाऊस. काम बंद. रतनसिंगनं अर्धीच हजेरी लावली. आपल्याच हिंगोलीचा माणूस!

९ जुलै
त्या पोरीच्या आज्याजवळ बसलो. बंगाली म्हातारा. डोंगीला डांबर लावून राहिला होता. माझ्या गावाचं सांगितलं तर हात थांबले त्याचे. म्हणला, "चारों तरफ पानी, और नाव नहीं? तो क्या उड़ के जाते हो?" अन् बोळकं उघडून हसला. मला राग आला. त्याचा न्हाई.

मग त्यानं त्याचं रडगाणं लावलं. दोन्ही पोरं चेन्नईला. नात पास झाली की तीबी जाणार. म्हणला, दहा वर्षांनी या गावात मी अन् माझी डोंगी, बस. म्हणजे नाव असली तरी पोरं जातातच. पण जातात तर स्वतःच्या हातानं जातात. थर्माकोलवर जीव ठेवून न्हाई.

११ जुलै
व्हायचं तेच झालं. तराफा उलटला. मधोमध. शिवकन्या, शेजारची दोन लेकरं, अन् एक म्हातारी. पोतं उसवलं, थर्माकोल निघून गेला. पलीकडच्या काठची आशाबाई भोईण जाळं काढायला आली होती म्हणून! तिनं नाव आणून चौघांना ओढून वर घेतलं. कॉलेजच्या वह्या गेल्या.

माय फोनवर रडून राहिली. म्हणली, तुझ्या बहिणीच्या केसाला धरून काढलं रे तिला.

अन् आबा? आबानं आशाबाईला लुगडं अन् नारळ नेऊन दिला. हात जोडले. घरी येऊन नवा तराफा शिवायला बसला!!

१३ जुलै
कॉलेज बंद. आबानं सांगून टाकलं. "जिवापेक्षा शिक्षण मोठं न्हाई." कनेरगाव नाक्याचं स्थळ है, पोराचा ढाबा है, डांबरी रोडवर घर. "रोडवरचं घर भेटून राहिलं, अजून काय पाहिजे?" पोरीला पाण्यातून काढायचं तर लग्न करून! नाव घेऊन न्हाई!

शिवकन्या फोनवर एवढंच म्हणली, "दादा, प्रॅक्टिकल पुढच्या महिन्यात हैत." रडली न्हाई. रडली असती तर बरं वाटलं असतं.

१५ जुलै
आशाबाईचा नंबर मिळवला. सरळ इचारलं. तिच्याकडं मालकाची जुनी नाव पडून है, तो वारल्यापासून. चोवीस हजार म्हणली. मी म्हणलं, घेतो, पण तुमीच न्यायचं-आणायचं काम करा, रोजाचे पैसे देऊ.

तर काय फाडकन बोलली! "काहून? माझे मासे कोण धरंल? तुमच्या वाडीला नाव पाहिजे, पण हात माझे पाहिजेत व्हय? नाव घ्या. शिकवते मी फुकट. पण वल्हं धरणारा माणूस तुमचा."

बराबर बोलली. एका शब्दाला जागा न्हाई.

१८ जुलै
आज भांडलो. जेटीच्या टोकावर, रपरप पावसात, बेंबीच्या देठापासून वरडलो. आबा, तुमी पोरीला मारून राहिले! वल्हं धरलं तर हात झडतात का? वीस घरांत एक मर्द न्हाई का?

मला वाटलं फोन ठेवतील. न्हाई ठेवला. शांतपणे म्हणले, "झालं का बोलून? बरं. आन नाव. मी आडवा येत न्हाई. लग्नाचंबी थांबवतो. पण वल्हं तू धर. ह्या संतरामचा पोरगा हैस ना? ये घरी. रोज सकाळ-संध्याकाळ, साऱ्या गावाला ने अन् आण. लई बोलतो दुरून. ये!"

अन् मी? रेंज गेली म्हणून सांगितलं. रेंज होती.

१९ जुलै
खरं लिहितो. इथं कोण वाचते.

आबा "ये" म्हणले तेव्हा माझ्या डोक्यात पहिलं काय आलं? शिवकन्या न्हाई आली. पुसेगावचा बाजार आला. चहाच्या टपरीवर माझे दोस्त बसले हैत, अन् मी येऊन राहिलो, अन् एकजण म्हणते, "आले का भोई!" अन् सारे हसून राहिले. हे पहिलं आलं. पहिलं!

अकरा महिने मी आबाला शिव्या देऊन राहिलो. आबाचीच हाडं माझ्यात.

इथं आज म्हाताऱ्याची डोंगी घेतली, वल्हं धरलं. इथं कोणीच ओळखत न्हाई ना. गोल गोल फिरलो अन् किनाऱ्याला आपटलो. पण लाज वाटली न्हाई. म्हणजे लाज वल्ह्याची न्हाईच. पाहणाऱ्यांची.

२० जुलै
जहाजाचं इचारून आलो. गुरुवारी है. नाव लिहू का, म्हणला तिकिटाचा बाबू. उद्या सांगतो म्हणलं.

२१ जुलै, सोमवार
शिवकन्याचा मेसेज. "दादा, तू येऊ नको. सहा दिवस झाले, पहाटं आशाबाईसंग तिच्या जुन्या नावेवर शिकून राहिले. काल एकटीनं दोन फेऱ्या मारल्या. सारं गाव काठावर उभं होतं. आबा घरात बसले, बोलत न्हाईत. माय नावेत बसली होती."

तीनदा वाचला. जेटीच्या टोकावर बसून राहिलो. रतनसिंगनं हाका मारल्या, गेलो न्हाई.

तिकीट काढत न्हाई. आशाबाईच्या खात्यावर पाठवून राहिलो — चोवीस हजार.